नाताळच्या पुडिंगात चॉकलेट

ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत नोव्हेंबर लागला की चॉकलेटची ख्रिसमस पुडिंगं येऊन बसतात. आकार पारंपरिक पुडिंगाचाच, म्हणजे घुमटासारखा. डोक्यावरून ओघळलेलं पांढरं आयसिंग, त्यावर हॉलीचं खोटं पान. सुरी घातली की आतून सॉस वाहू लागतो. मुलांना आवडतात, मायक्रोवेव्हमध्ये बघता बघता गरम होतात आणि ज्यांना ती हवीत त्यांनी ती खुशाल आणावीत. पण तो चॉकलेटचा केक झाला. त्यात मनुका नाही, जायफळ नाही, संत्र्याची साल नाही. तासन्‌तास वाफेत बसल्यावर जो गडद, मुरलेला स्वाद येतो, तो तर कुठून येणार?

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो. गेली काही वर्षं आमच्याकडे नाताळला जे पुडिंग होतं त्यात चॉकलेटही असतं आणि कोकोही असतो. तरीही शेजारच्या आजींनी पहिला घास घेऊन जरा वेळ चावला आणि म्हणाल्या, ‘‘हो, हे पुडिंग आहे.’’ आमची मुलगी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीत तशी. मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणतो. ऐंशी पार केलेल्या, याच शहरात जन्मलेल्या बाई आहेत आणि पुडिंगाच्या बाबतीत उगाच गोड बोलायची त्यांना सवय नाही. त्यामुळे त्यांचा तो होकार मला फार मोलाचा वाटतो.

ज्यांनी अस्सल ख्रिसमस पुडिंग खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मनुके, बेदाणे, करंट नावाचे अगदी बारीक काळे मनुके, साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल, ब्रेडचा चुरा, थोडा मैदा, काळपट मस्कोवाडो साखर, अंडी, किसलेलं सफरचंद, जायफळ, दालचिनी, लवंग, ब्रँडी किंवा काळी बिअर आणि सुएट. सुएट म्हणजे गाय-बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी, ती किसून घालतात. हे सगळं कालवून चिनी मातीच्या खोल वाडग्यात भरायचं आणि सहा ते आठ तास वाफवायचं. मग गार जागी ठेवून द्यायचं, निदान महिनाभर. नाताळच्या दिवशी ते पुन्हा दोनेक तास वाफवून ताटलीत उलटं करायचं, कोमट ब्रँडी वर ओतून पेटवायची आणि निळी ज्योत विझली की वाढायचं.

वाफेवरचं गोड आपल्याला नवं नाही. उकडीचे मोदक, पातोळ्या, फणसाचं सांदण, सगळं वाफेचंच. पण आपले मोदक दहा-पंधरा मिनिटांत उतरतात. आठ तास वाफ कशासाठी, हा प्रश्न मला इथे आल्यावर बरेच दिवस पडला होता. त्याचं उत्तर पुडिंगाच्या रंगात आहे. मिश्रण वाफेत ठेवताना ते तपकिरी असतं, बाहेर काढताना जवळजवळ काळं. वाफ शंभर अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून केकला ओव्हनमध्ये येते तशी खरपूस कड इथे येत नाही. पण साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून जो रंग आणि स्वाद तयार होतो, तो ओव्हनमध्ये मिनिटांत आणि फक्त वरवर होतो. इथे तो तासांनी होतो आणि गाभ्यापर्यंत होतो. मनुक्यांची साखर भोवतालच्या चुऱ्यात उतरते, लवंगेचा तिखटपणा मवाळ होतो, सालीचा कडसरपणा पसरतो. त्यामुळे सुरी कुठेही घातली तरी घास सारखाच लागतो.

कालवण्याचा दिवसही ठरलेला आहे. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे, सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार. अँग्लिकन चर्चमध्ये त्या दिवशी जी प्रार्थना म्हणत आले आहेत तिची सुरुवातच ‘हे प्रभो, तुझ्या भक्तांची इच्छाशक्ती ढवळून जागी कर’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. ही प्रार्थना १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातली. चर्चमध्ये ती कानावर पडली की बायकांना पुडिंग ढवळायची आठवण व्हायची, असं इथे सांगतात. घरातल्या प्रत्येकाने लाकडी चमच्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळायचं, कारण बाळ येशूला भेटायला मागी, म्हणजे ज्ञानी लोक, पूर्वेकडून आले, आणि ढवळताना मनात एक इच्छा धरायची. मिश्रणात चांदीचं सिक्सपेन्सचं नाणं टाकायचं. ज्याच्या वाट्याला ते येईल त्याचं वर्ष चांगलं जाणार.

इतक्या रीतीभातींनी बांधलेल्या पदार्थाला हात लावायचा म्हणजे अधर्म वाटावा. पण त्याचा इतिहास वाचला की जीव शांत होतो. मध्ययुगातला त्याचा पूर्वज म्हणजे मांस, सुकी फळं, मसाले आणि ब्रेड एकत्र शिजवलेली दाट पेज. हळूहळू तिच्यातलं मांस गेलं आणि चरबी तेवढी राहिली. पेज घट्ट झाली, कापडात बांधून उकळली जाऊ लागली. म्हणून जुन्या चित्रांत पुडिंग पूर्ण गोल दिसतं. पुढे कापडाच्या जागी वाडगं आलं आणि गोलाचा घुमट झाला. ‘ख्रिसमस पुडिंग’ या नावाने कृती छापली ती एलायझा ॲक्टन यांनी, १८४५ साली. दुसऱ्या महायुद्धात सुकी फळं मिळेनात तेव्हा किसलेलं गाजर आलं. नंतर दुकानात पाम तेलाचं शाकाहारी सुएट मिळू लागलं आणि आमच्यासारख्या, गोमांस न खाणाऱ्या घराचा मार्ग मोकळा झाला. एवढं सगळं पचवून जो पदार्थ उभा आहे तो चॉकलेटने मोडणार नाही. फक्त ते चॉकलेट कशासाठी घालतोय हे घालणाऱ्याला ठाऊक हवं.

मी घातलं मुलीसाठी. तिला मनुके आवडत नाहीत. दाताखाली फुगलेला मनुका आला की तिचा चेहराच बदलतो. ताटलीच्या कडेला एकेक वेचून ठेवते आणि उरलेला चुरा खाते. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचं हेच. तिचा जन्म इथला, नाताळ हा तिच्या शाळेचा, मैत्रिणींचा, गल्लीचा सण. गणपती आणि दिवाळी आम्ही घरात करतो, पण डिसेंबरमध्ये रस्त्यावर जे चाललेलं असतं तेही तिचंच आहे. त्या सणाचा मुख्य गोड पदार्थ तिला परका वाटावा हे मला बरं वाटेना. सुपरमार्केटमधला तो चॉकलेटचा स्पंज केक आणून तिची समजूत घालणं सोपं होतं. पण मग आठ तासांची वाफ, सगळ्यांनी मिळून ढवळणं, नाण्याची वाट बघणं, यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नसतं.

आता चॉकलेटकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

चॉकलेटमध्ये तीन गोष्टी असतात: कोकोचा कोरडा कडू भाग, कोको बटर आणि साखर. पुडिंगात साखर आधीच भरपूर असते, फळांची वेगळी आणि वरून घातलेली वेगळी. त्यात दुधाचं चॉकलेट घातलं तर नुसता गोडवा वाढतो, चॉकलेट कुठे गेलं ते कळतही नाही. म्हणून सत्तर टक्क्यांचं गडद चॉकलेट घ्यायचं, आणि त्याच्या जोडीला साखर नसलेला कोको. तो कडूपणा पुडिंगात फार उपयोगी पडतो. संत्र्याची साल आणि ब्रँडी मिळून जे काम करतात, म्हणजे गोडाला मध्येच अडवून तोंड स्वच्छ करणं, ते काम कोको करू शकतो. ही गोष्ट लक्षात आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की चॉकलेटला या पदार्थात खरोखरच जागा आहे.

स्निग्धाचं गणित मात्र वेगळं. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणूनच चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं. सुएट वितळायला याच्याहून बराच जास्त ताप लागतो. वाफेत मिश्रण तापू लागलं की कोको बटर सगळ्यात आधी पातळ होऊन पिठात मुरून जातं. सुएटचे कण मात्र आपली जागा धरून बसतात. भोवतालचं पीठ बांधून यायला लागतं तेव्हा कुठे ते वितळतात आणि मागे बारीक पोकळ्या सोडतात. इतके जड जिन्नस असूनही चांगलं पुडिंग तोंडात हलकं लागतं त्याचं हे कारण. म्हणून चॉकलेटमध्ये स्निग्ध आहेच, आता सुएट कशाला, असा विचार केला की फसगत होते. पोकळ्या होत नाहीत, आणि पुडिंग जरा गार झालं की कोको बटर पुन्हा घट्ट होऊन सगळं वीट होऊन बसतं. सुएट कमी करता येतं, काढून टाकता येत नाही. शाकाहारी सुएट मिळालं नाही तर लोणी फ्रीझरमध्ये कडक करून जाड किसणीवर किसावं आणि लगेच मिश्रणात घालावं. इथे ‘ॲटोरा’ नावाचं सुएट कुठल्याही दुकानात मिळतं. १८९३ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेला हा जुना माल, आणि त्याचा शाकाहारी प्रकारही असतो. पाकीट घेताना तेवढं वाचून घ्यायचं.

कोकोची दुसरी खोड म्हणजे तो पाणी पितो. मैदा तेवढाच ठेवून वर कोको घातला तर पुडिंग कोरडं पडतं, घशाशी अडतं. कोको घालायचा तो मैद्याच्या बदल्यात. ब्रेडच्या चुऱ्याला हात लावायचा नाही. पुडिंगाला मऊपणा त्या चुऱ्यामुळेच येतो.

आणि फळं. मुलीला मनुके नकोत म्हणून फळंच काढून टाकली तर आपण फिरून स्पंजवर येतो. इथे प्रून मदतीला आले, म्हणजे ते सुकवलेले काळे आलुबुखार. चहात रात्रभर भिजवले आणि बारीक चिरले की ते मिश्रणात विरघळून जातात, दाताखाली येत नाहीत, पण त्यांचा आंबटगोड गडदपणा सगळीकडे पोचतो. चॉकलेटशी प्रूनचं जेवढं जमतं तेवढं मनुक्याचं जमत नाही असं माझं ठाम मत आहे. मनुके मी काढले नाहीत, कमी केले आणि तेही चिरून घातले. त्यांच्या जोडीला आंबट सुक्या चेरी. मुलगी चेरी वेचत नाही, उलट शोधून खाते.

हे सगळं मी ज्या शहरात बसून करतोय त्याचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. १८२४ मध्ये जॉन कॅडबरी यांनी बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान उघडलं. तिथे चहा, कॉफी आणि प्यायचं चॉकलेट मिळायचं. कॅडबरी घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउनट्री, चॉकलेटमधली ही दुसरी दोन मोठी नावंही क्वेकरांचीच. या पंथाच्या लोकांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद होती, म्हणून त्यांची हुशारी व्यापारात उतरली. दारूला त्यांचा विरोध होता. कामगार वस्त्यांमध्ये जिनने घरं बुडताना दिसत होती, आणि चहा-कोको हे त्यांच्या दृष्टीने जिनला पर्याय होते. १८७९ मध्ये जॉन यांची मुलं रिचर्ड आणि जॉर्ज कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिलला घेऊन गेली. पुढे जॉर्ज यांनी तिथे कामगारांसाठी बागा असलेली घरं बांधली आणि त्या वस्तीत गुत्त्याला जागा ठेवली नाही.

आमच्या घरात दारू नसते. त्यामुळे पुडिंगात ब्रँडीऐवजी काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. संत्र्याच्या रसाने पुडिंग आंबूस होतं, नुसतं पाणी घातलं तर सपक. शेवटी कडक आसाम चहा घातला, दूध-साखरेशिवायचा, बराच वेळ उकळलेला. त्याच्या तुरटपणाला कोकोने आधार दिला. मग एकदा शहराच्या मध्यातून, बुल स्ट्रीटवरून चालत जाताना लक्षात आलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या दुकानात गल्ल्यावर मांडलेल्या दोन वस्तू, चहा आणि कोको, माझ्या पुडिंगात एकत्र आल्या आहेत, आणि दारू बाहेर राहिली आहे. जुने क्वेकर नाताळ असा वेगळा पाळायचे नाहीत, सगळे दिवस सारखेच पवित्र म्हणायचे. तरी या पुडिंगाला त्यांनी हरकत घेतली नसती असं मला वाटतं.

मी वाढलो ठाण्यात. कॅडबरीच्या कारखान्याजवळून जाताना कोकोचा वास यायचा आणि बसमधलं बोलणं क्षणभर थांबायचं. त्या चौकाला लोक आजही कॅडबरी जंक्शन म्हणतात. त्यामुळे बोर्नव्हिलला पहिल्यांदा गेलो आणि हवेत तोच भाजका, किंचित आंबूस वास आला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला थांबलो. बायकोला म्हटलं, ‘‘अगं, हा तर आपल्या हायवेचा वास.’’ तिलाही तो आला होता.

पुडिंगाबद्दल वाचताना १९२७ सालची एक यादी सापडली आणि तिने मला बरेच दिवस सोडलं नाही. साम्राज्यातला माल ब्रिटिश गिऱ्हाइकांनी घ्यावा म्हणून सरकारने ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ काढलं होतं. त्याने राजवाड्याचे मुख्य आचारी सेदार यांच्याकडून ख्रिसमस पुडिंगाची कृती घेऊन ती छापून वाटली. प्रत्येक जिन्नसापुढे तो साम्राज्यातल्या कोणत्या भागातला घ्यावा ते लिहिलेलं. करंट आणि बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, मनुके दक्षिण आफ्रिकेचे, सफरचंद कॅनडाचं, सुएट न्यूझीलंडचं, साखर वेस्ट इंडीजची, दालचिनी सिलोनची, लवंग झांझिबारची, रम जमैकाची. आणि भारताकडून काय? चमचाभर पुडिंगचा मसाला. पाच-पाच पौंड मनुक्या-बेदाण्यांच्या त्या डोंगरात एक चमचा. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

मग दिसलं की यादीत कोको नाहीच. त्या वेळचं गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, साम्राज्यातच होता, आणि १९११ पासून जगात सगळ्यात जास्त कोको तिथे पिकत होता. तेत्ते क्वार्शी नावाच्या माणसाने १८७० च्या दशकाच्या अखेरीला फर्नांदो पो बेटावरून कोकोचं बी आणून तिथे रुजवलं, आणि तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या कष्टाने हे पीक वाढवलं. ब्रिटनमधल्या मुलांच्या हातातलं चॉकलेट त्यांच्या कोकोचं होतं. नाताळच्या पुडिंगात मात्र त्यांना जागा नव्हती. त्याचं कारण कटकारस्थान नव्हे, पुडिंगात कोको घालायची पद्धतच नव्हती. तरीही माझ्या वाडग्यात कोको पडतो तेव्हा मला ती यादी आठवते आणि एक रिकामी ओळ भरल्यासारखं समाधान वाटतं.

कोकोचा इतिहास तसा स्वच्छ नाही, आणि तो लपवून गोडाधोडाच्या गप्पा मारणं मला पटत नाही. गोल्ड कोस्टकडे वळण्याआधी कॅडबरीचा बराचसा कोको पोर्तुगिजांच्या साओ तोमे बेटांवरून यायचा. तिथे अंगोलातून आणलेल्या मजुरांना गुलामांसारखं राबवलं जात होतं. ही कुणकुण कंपनीला १९०१ मध्ये लागली. तिथला कोको बंद केला १९०९ मध्ये. मधली वर्षं चौकशीत आणि पत्रव्यवहारात गेली. लंडनच्या ‘स्टँडर्ड’ वृत्तपत्राने यावर कडक टीका केली, कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला आणि बर्मिंगहॅमच्याच ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल देऊन नुकसानभरपाई म्हणून एक फार्दिंग दिला. पेनीचा चौथा हिस्सा, त्या वेळचं सगळ्यात लहान नाणं. कामगारांना बागा देणाऱ्या सज्जन माणसांना अंगोलाच्या मजुरासाठी आठ वर्षं लागली, आणि त्यांच्याच गावच्या बारा माणसांनी त्याची किंमत एका फार्दिंगात सांगितली. पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोच्या बागांतून लहान मुलांच्या मजुरीच्या बातम्या आजही येतात. म्हणून मी पाकिटावर कोको कुठला, शेतकऱ्याला काय भाव दिला, हे लिहिलेलं आहे का ते बघतो, आणि चार पैसे जास्त गेले तरी असंच चॉकलेट घेतो. केरळमध्ये १९६० च्या दशकापासून कोकोची लागवड वाढली, तीही कॅडबरीच्याच पुढाकाराने. त्यामुळे भारतातून कुणी येणार असेल तर तिकडच्या कोकोचं चॉकलेट आणायला सांगतो.

आता प्रत्यक्ष कृती. साधारण दीड लिटरच्या वाडग्याचं माप देतो.

आदल्या रात्री दीडशे ग्रॅम प्रून, शंभर ग्रॅम मनुके-बेदाणे आणि पाऊणशे ग्रॅम आंबट चेरी चिरून कपभर कडक गरम चहात भिजत घालायच्या. त्यात एका संत्र्याची किसलेली साल आणि त्याचाच रस. झाकून ओट्यावर ठेवायचं. सकाळी फळांनी बहुतेक चहा पिऊन टाकलेला असतो.

शंभर ग्रॅम गडद चॉकलेटचे तुकडे करून त्यावर अर्धा कप कढत चहा ओतायचा आणि ढवळायचं. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब पडले तर ते गुठळ्या धरतं हे खरं, पण पाणी पुरेसं असेल तर असं काही होत नाही, छान तुकतुकीत दाट रस होतो. तो कोमट झाला की त्यात दोन अंडी फेटून घालायची.

परातीत ऐंशी ग्रॅम ताज्या ब्रेडचा चुरा, पन्नास ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, चाळीस ग्रॅम कोको, ऐंशी ग्रॅम शाकाहारी सुएट आणि सव्वाशे ग्रॅम काळा गूळ बारीक चिरून. मस्कोवाडो साखरेऐवजी गूळ घालायचं कारण हट्ट नाही. मस्कोवाडो म्हणजे मळी न काढलेली साखर, आणि मळी गुळातही असतेच. इथल्या आपल्या दुकानांत मिळणारा पिवळाधमक गूळ मात्र नको, काळपट हवा. एक आंबट सफरचंद किसून, पन्नास ग्रॅम मुरवलेली साल, चिमूटभर मीठ. मसाल्यात दालचिनी जरा पुढे, जायफळ तिच्या मागे, लवंग अगदी एक-दोन कुटून, आणि सुंठ. इथल्या तयार मिक्स्ड स्पाइसमध्ये धने असतात, ते साध्या पुडिंगात चालतात, पण चॉकलेटबरोबर मला आवडत नाहीत. मसाला एकूण चमचाभर होतो.

सगळं एकत्र करून ढवळायचं. आमच्याकडे हे डिसेंबरच्या मध्यावरच्या रविवारी होतं. ब्रँडी नसलेलं पुडिंग महिनोन्‌महिने टिकणार नाही, त्यामुळे ॲडव्हेंटआधीचा मुहूर्त आम्ही धरत नाही. आजींना हा उशीर मान्य नाही, पण त्या ढवळायला येतात. मुलगी होकायंत्र बघून पूर्व शोधते.

ढवळता ढवळता आजी बोलतात. युद्धानंतरच्या टंचाईत त्यांच्या आईने गाजर घालून केलेलं पुडिंग त्यांना आठवतं. एप्रिल १९४९ मध्ये गोळ्या-चॉकलेटवरचं रेशनिंग उठलं तेव्हा दुकानांपुढे एवढी झुंबड उडाली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लावावं लागलं. कायमचं उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. तेव्हा त्या शाळेत होत्या. चॉकलेट ही तेव्हा पुडिंगात ढकलायची वस्तू नव्हती, तुकडा तुकडा करून पुरवायची वस्तू होती, असं त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, ‘‘माझ्या आईला पुडिंगात चॉकलेट घालायला मिळालं असतं तर तिने नक्की घातलं असतं. गाजर तिला अजिबात आवडत नव्हतं.’’ युद्धाच्या आधीचं एक सिक्सपेन्स त्यांनी आमच्या मुलीला दिलं आहे. १९२० ते १९४६ मधल्या या नाण्यांत निम्मी चांदी असते. आम्ही ते मिश्रणात घालत नाही, वाढताना एका फोडीखाली सरकवतो.

वाडग्याला आतून लोणी लावायचं, मिश्रण वरून दोन बोटं कमी भरायचं. लोण्याच्या कागदाला आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलला मध्ये एक चुणी घालून ते वरून पसरायचं, म्हणजे पुडिंग फुगायला जागा राहते. मग लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं दोऱ्याने घट्ट आवळायचं आणि दोऱ्याचीच एक मूठ करायची, नाहीतर कढत भांड्यातून वाडगं बाहेर काढताना हात भाजतो. मोठ्या पातेल्यात तळाशी उलटी बशी, तिच्यावर वाडगं, अर्ध्या उंचीपर्यंत कढत पाणी, घट्ट झाकण. चार तास, मंद. दर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी बघायचं आणि घालायचं तर उकळतंच घालायचं.

कुकरमध्येही होतं. पहिली पंचवीस-तीस मिनिटं शिट्टी न लावता नुसती वाफ द्यायची, म्हणजे मैदा फुगून घेतो, मग शिट्टी लावून दीड-दोन तास. गॅस वाचतो आणि रंगही उत्तम येतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी कुकर लावावा. मी उघड्या पातेल्याच्या बाजूचा आहे. तिसऱ्या तासाला घरात जो वास पसरतो त्यात आधी दालचिनी असते, मग संत्रं, आणि कोको सगळ्यात शेवटी येतो. शिट्टीखाली हे तिन्ही वेगळे कळत नाहीत.

गार झालं की कागद बदलून फ्रीजमध्ये ठेवायचं, आठ-दहा दिवस. नाताळच्या दिवशी दीड तास पुन्हा वाफ. ताटलीत उलटं करून गरमच वाढायचं, चॉकलेटचं पुडिंग गार झालं की आखडतं. वर चॉकलेटचा सॉस अजिबात नको. आत एवढं काम करून ठेवल्यावर वरून तेच ओतणं म्हणजे पदार्थावर विश्वास नाही असा अर्थ होतो. त्याच्याबरोबर लागतं ते साधं पिवळं कस्टर्ड. आपल्याकडे फ्रूट कस्टर्डला वापरतात ती पावडर याच शहरातली. ॲल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने १८३७ मध्ये ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. तिला यीस्टही सोसत नसे, म्हणून पुढे त्याने बेकिंग पावडरही तयार केली. डिगबेथमधल्या त्यांच्या जुन्या कारखान्यात आता छोटी दुकानं आणि स्टुडिओ आहेत, नाव अजून कस्टर्ड फॅक्टरीच.

उरलेल्या पुडिंगाच्या बोटभर जाडीच्या चकत्या करून दुसऱ्या दिवशी सकाळी लोण्यात परतायच्या, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत. साध्या पुडिंगाच्याही करतात, पण कोकोमुळे इथे जी कड येते ती मला मूळ पुडिंगापेक्षाही आवडते. मुलगी हा नाश्ता वर्षभर लक्षात ठेवते.

या वर्षी आजींची एक मागणी आहे: संत्र्याची साल पन्नासऐवजी ऐंशी ग्रॅम घाल. मुलगी म्हणते, मुळीच नको, साल दाताखाली येते. मी पासष्टवर आलो आहे, आणि साल या वेळी विकत न आणता घरीच पाकवणार आहे, म्हणजे ती हवी तेवढी बारीक चिरता येईल. संत्री आणून ठेवली आहेत.